ब्रेक्काची चूल

उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या हेइमाएय बेटावर माणसाला बापाच्या नावापेक्षा घराच्या नावाने ओळखतात. त्या हिशोबाने योरुन्न होती ब्रेक्काची योरुन्न, आणि ब्रेक्का हे तिचं घर होतं चाळीस मीटर लाव्ह्याखाली. एकोणीसशे त्र्याहत्तर साली ज्वालामुखी थेट गावाच्या कडेलाच फुटला. तिचा ओटा, तिचे पडदे, दिवंगत नवऱ्याने हौसेने बसवलेला जिना, सगळं गडप झालं. पुढे तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. तिथे पंधरा वर्षं राहिली, पण त्याला म्हणायची 'बिऱ्हाड'. घर म्हणजे ब्रेक्काच. कुणी चुकून "तुझं जुनं घर" म्हणालं की बाईचं डोकं फिरायचं.

"जुनं कसलं? माझी चूल पेटती आहे अजून!"

यात खोटं काही नव्हतं. तो लाव्हा आतून इतका गरम होता की निम्मं गाव त्याच्या वाफेवर घरं ऊबदार ठेवायचं. आणि उद्रेक थांबल्याचा दिवस, तीन जुलै, आला की योरुन्न राय नावाच्या धान्याच्या पिठाचा काळा पाव त्यात भाजायची. दुधाच्या रिकाम्या खोक्यांत मळलेलं पीठ भरायचं, आदल्या दिवशी खोकी खड्ड्यात पुरायची, दुसऱ्या दिवशी काढायची. असे पाव बरेच जण भाजत, पण जिथे वाफ जास्त तिथे. योरुन्न मात्र एकाच जागी. कोळी भर समुद्रात जाळ्याची जागा हेरतात तशी ती चर्चचं छप्पर एका कड्याशी आणि धक्क्याचं टोक दुसऱ्या कड्याशी जुळवायची. त्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बरोब्बर खाली तिचा ओटा. तिथला पाव म्हणजे ब्रेक्काचा पाव. तो भाजला जातोय तोवर आपलं घर आहे, असा तिचा हिशोब होता, आणि त्या हिशोबावर ती जगत होती.

अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत तिने खोकी उकरली तेव्हा हाताला चटका बसला नाही. माती नुसती कोमट होती, निवलेल्या चहासारखी. तिने सुरी खुपसली. सुरीला पीठ चिकटून आलं.

सोबत फावडं घेऊन शेजारचा ब्यार्त्मार आला होता. त्याला गप्प बसणं कधी जमलंच नाही.

"काय गं योरुन्न, नवरा असतानाही कधी कच्चं वाढलं नाहीस ना?"

मग त्याने तिचा चेहरा पाहिला.

"वरच्या उताराला अजून मस्त वाफा आहेत," तो चाचरत म्हणाला. "एक दिवस उशीर होईल, एवढंच."

"दुसऱ्याच्या घरावर भाजू? लाज नाही वाटत तुला?"

तिने खोकी उचलली आणि तरातरा भाचीकडे निघाली. भाची स्वान्हिल्दुर लाव्ह्यात भोकं पाडून त्याची उष्णता मोजायच्या कामावर होती. ती कामाच्या शेडमध्येच सापडली.

"मावशी, मी वसंतातच सांगितलं होतं तुला. ती जागा निवत आलीय."

"तू तुझी यंत्रं दुरुस्त कर आधी!"

स्वान्हिल्दुर चिडली नाही. तिने फळीवरून काचेसारखा चमकणारा काळा दगड घेतला आणि मावशीच्या हातात ठेवला. "हा बंदरापाशी सापडला. बंदर वाचवायला लाव्ह्यावर समुद्राचं पाणी मारलं होतं ना, तिथला. झटक्यात थिजला. आत कण जुळायला सवडच मिळाली नाही, म्हणून नुसती काच."

"आणि हा तुझ्या जागेखालचा." स्वान्हिल्दुरने लांब लाकडी पेटीतून मनगटाएवढा जाड, करडा, दांड्यासारखा गोल दगड काढला. भोकातून, सदतीस मीटर खोलीवरून आलेला. "भिंगातून बघ."

योरुन्नने रागारागातच भिंग डोळ्याला लावलं, आणि तिचा राग तिथेच विरला. करड्या दगडात पांढऱ्या बारीक सुया एकमेकींत गुंतल्या होत्या. कुणी बसून विणाव्यात इतक्या नीट. मधेच हिरवट काचमण्यासारखा एखादा कण. तिने दगड फिरवला, पुन्हा फिरवला.

"अगं, केवढं देखणं आहे हे!"

"दोन्हींचा लाव्हारस एकच, मावशी. काच झाला तोही हाच. खोल पाताळातला खडक वर सरकतो, अंगावरचं ओझं हलकं होतं, तेव्हा वितळतो. बाहेर आला नसता, खालीच राहिला असता, तर हजारो वर्षं निवत बसला असता आणि त्यात जवाएवढाले दाणे पडले असते. याला पंधरा वर्षं मिळाली, म्हणून सुया."

"आणि माझी ऊब कुठे गेली?"

"या सुयांतूनच तर येत होती. रस गोठताना असा एकेक कण जुळतो आणि जुळताना ऊब बाहेर टाकतो. तुझे पाव बरेचसे त्यावरच भाजले. आता जुळायचं काही उरलं नाही. दगड पुरा झाला, मावशी."

योरुन्नने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. दगड देखणा होता, आणि तो पुरा झाल्यानेच तिची चूल विझली होती. तिला दोन्ही खरं वाटत होतं.

दुपारी दरवर्षीसारखी बिऱ्हाडासमोर गल्ली जमली होती. टेबलावर लोणी होतं, धुरावलेला पफिन पक्षी होता, पाव तेवढा नव्हता. योरुन्नने कच्चं खोकं सर्वांसमोर टेबलावर ठेवलं.

"ब्रेक्का गेलं," ती म्हणाली.

ब्यार्त्मारने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पीठ नव्याने मळते. आतल्या भट्टीत भाजायला रात्रभर लागेल. उद्या दुपारी माझ्या घरी या सगळे."

"कुठल्या घरी?" ब्यार्त्मारने हळूच विचारलं. या खेपेला त्यात चेष्टा नव्हती.

योरुन्नने मागे वळून बिऱ्हाडाच्या दाराकडे बोट दाखवलं आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.