सूशच्या नावावरची शाई

“वाचता येत नाही असं लिही आणि पुढं जा,” डिर्क लेपकी म्हणाला.

“मला येतंय.”

डिर्कनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि आगाथाच्या खांद्यावरून संगणकाकडं पाहिलं. चर्चच्या जुन्या कुटुंबनोंदवहीचं एक पान पडद्यावर होतं. ड्युक, आगाथाचंच कुटुंब. बाप, आई, खाली मुलांची नावं. तिसऱ्या नावावर कुणीतरी इतकी शाई फिरवली होती की कागद फाटायचाच बाकी होता.

“काय येतंय? नुसतं काळं दिसतंय.”

“सुझाना. आमची सूश. लग्न होईपर्यंत एका अंथरुणात झोपलोय आम्ही. सगळं पांघरूण स्वतःकडं ओढायची. म्हणे वाचता येत नाही!”

शेजारच्या टेबलावरची मारिया हसली आणि डिर्कचा चेहरा पाहून गप्प झाली.

कॅनडाच्या दक्षिण मॅनिटोबातल्या त्या गावात हिवाळ्याच्या दुपारी चर्चच्या तळघरात हे काम चाले. निवृत्त झालेली चार-पाच माणसं जुन्या नोंदवह्यांतले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू सूचीत भरत. म्हणजे पॅराग्वेत किंवा कॅन्ससमध्ये बसलेल्या मेनोनाइट पंथातल्या कुणा पणतूनं पणजोबाचं नाव टाकलं, की नेमकं पान समोर यावं. आगाथानं उभी हयात वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काढली होती. गुडघे गेल्यावर ती इकडं आली आणि रमली. कामाचा नियम एकच होता: पानावर असेल तेवढंच भरायचं, मनचं काही नाही. नियम डिर्कनंच घातला होता.

आणि ती शाई डिर्कच्या वडिलांची होती. मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, पाळक आबराम लेपकी. सुझानानं रेल्वेत काम करणाऱ्या ओस्टापशी, एका युक्रेनी कॅथलिक पोराशी लग्न केलं, तेव्हा भर उपासनेत तिचं नाव वाचून दाखवण्यात आलं आणि वहीतून खोडण्यात आलं. तिच्या बापानं घराचं दार लावून घेतलं. आगाथा तेव्हा शाळेत होती. पुढं दोघी बहिणी विनिपेग शहरात चोरून भेटू लागल्या, मग उघड. हळूहळू कुणालाच त्याचं काही वाटेनासं झालं. पण गावात सूशचं नावही कुणी काढत नसे.

“आज तू मनचं भरलंस, तर उद्या सगळेच भरतील,” डिर्क म्हणाला.

“मनचं? तुझ्या बापाच्या हातचं आहे ते.”

“त्यांना मधे आणू नकोस, आगाथा.”

“मी कशाला आणू? ते आहेतच मधे. आडवे.”

डिर्कचे कान लाल झाले. तो आपल्या खुर्चीकडं गेला, पण बसला नाही. तिथूनच म्हणाला, “ती आहे ना अजून? तिला विचारलंस?”

आगाथा पडद्याकडं वळली. तिनं विचारलं नव्हतं.

शनिवारी पुतण्यानं तिला गाडीनं विनिपेगला सोडलं. सुझानाचं हृदय थकलं होतं, पावलं सुजली होती, तरी ती स्वयंपाकघरात पिरोही, म्हणजे उकडायच्या युक्रेनी करंज्या, भरत बसली होती.

“ये. हात धू आणि कडा दाब. तुम्हा मेनोनाइटांची ती वेरेनिके.”

“ही पिरोही आहे ना?”

“आत तेच पनीर गं. एवढ्याशा फरकापायी बापानं मला बाहेर काढलं.” ती खो खो हसली, मग बराच वेळ धापा टाकत राहिली.

आगाथानं कडा दाबता दाबता सगळं सांगितलं.

“मेल्यावर कोण शोधणार आहे मला?”

“तुझी नातवंडं शोधतील. आपल्या आईला एक मूल कमीच होतं असं दिसेल त्यांना.”

आईचं नाव निघाल्यावर सुझानाचे हात थांबले.

“घाल मग,” ती म्हणाली. “पण खोडलंय, तेही घाल.”

“ते कशाला आता?”

“मी रुसून गेले नव्हते, आगाथे. मला काढलं. नुसतं नाव दिसलं तर वाटेल, सगळं गोडीगुलाबीनं झालं. ओस्टापच्या चर्चनं मला लिहून घेतलं, ते बघ. स्पेलिंग चुकवलंय मेल्यांनी, पण खोडलं नाही.”

सोमवारी आगाथानं हे जसंच्या तसं डिर्कला सांगितलं. तिला उठायची खूण करून तो स्वतः तिच्या खुर्चीत बसला आणि दोन बोटांनी टाइप करू लागला. सुझाना ड्युक. मग शेऱ्याच्या रकान्यात: विवाहामुळे मंडळीनं नाव खोडलं.

मग ‘मंडळीनं’ हा शब्द पुसून त्यानं तिथं लिहिलं, ‘पाळक आबराम लेपकी यांनी’.

“पानावर हे कुठंय?” आगाथानं हळूच विचारलं.

“रेघ ओळखतो मी त्यांची,” डिर्क म्हणाला. “माझ्या वह्यांवर पण अशीच मारायचे.”

बर्फ वितळायला लागलं तेव्हा सुझाना गेली. उत्तर विनिपेगमधल्या युक्रेनी चर्चमध्ये तिची अंत्यप्रार्थना झाली. आगाथा पुढच्या बाकावर, सूशच्या मुला-नातवंडांत बसली होती. धूप, मेणबत्त्या, न कळणाऱ्या भाषेतलं लांबलचक गाणं. गुडघे अवघडले म्हणून ती जरा वळली, तेव्हा तिला डिर्क दिसला.

तो अगदी मागच्या बाकावर एकटाच होता. काळा कोट, हातात टोपी, बुटांना रस्त्यावरचा ओला चिखल. इथं कधी उठायचं, कधी बसायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढच्या बाईवर नजर ठेवून तो दर वेळी सगळ्यांच्या किंचित मागून उभा राहत होता, आणि सगळे बसल्यावर मग बसत होता.