तपकिरी भुकटी

१९७७ साली बी.एस्सी. झालेला केरू कांबळे विश्रामबागेतल्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होता. प्राध्यापक आठल्ये तापलेल्या नळीतून सायलेन वायू सोडून काचपट्टीवर सिलिकॉनचा थर बसवू पाहत, पण नळीत तपकिरी भुकटीच साचे.

"घाण आहे ती, धुऊन टाक," ते म्हणत.

केरूनं ती जपली. वायू कमी केला की कण बारीक होतात, हे त्यानं वर्षभर वहीत टिपलं आणि वही सरांना दिली.

पुढं त्या भुकटीवरचा शोधनिबंध छापून आला. त्यावर एकट्या आठल्यांचं नाव होतं.

"सर, माझं नाव न्हाई यात."

"नळ्या धुणाऱ्याचं नाव कोण छापतं?"

केरूनं टेबलावरची वही उचलली आणि तो आपल्या गावी, कवठे महांकाळला परतला. वहीतल्या नोंदींशिवाय आठल्यांना तशी बारीक भुकटी पुन्हा जमली नाही. केरूलाही पुन्हा कुठली प्रयोगशाळा मिळाली नाही.