तिघांना तीन उत्तरं

भुजंगच्या डाव्या पायाची करंगळी काळी पडली, तेव्हा मीच त्याला केदारखेड्याहून नवीन जालन्यातल्या रक्तवाहिन्यांच्या उपचार केंद्रात नेलं. तिथे रक्तवाहिन्यांचे सर्जन, मधुमेहाचे डॉक्टर आणि सोनोग्राफी करणाऱ्या बाई, असे तिघं मिळून एकेका रुग्णाचं ठरवतात. भुजंगला नेमकं हेच खटकलं.

"गुरुजी, एका पायाला तीन डॉक्टर कशाला? अंदरकी बात दुसरीच दिसून राह्यली. पाय कापायचं आधीच ठरलंय, बघा."

त्याचा जन्म बैलांच्या दलालीत गेला. बैलाचं वय दातांवरून ठरतं; गिऱ्हाईक पारखायचं असलं की तो एकाला बैल चारदाती सांगायचा, दुसऱ्याला तोच सहादाती. जो स्वतः बैलाचं तोंड उघडून पाहत नाही, त्याला बैलातलं काही कळत नाही, हा त्याचा ठोकताळा.

तिन्ही खोल्यांतून तो एकटाच जाऊन आला. बाहेर येऊन माझ्याशेजारी बसला तो हसतच.

"तिघांना तीन गोष्टी सांगून आलो. एकाला म्हणलो, बिडी दहा सालापासून बंद. दुसऱ्याला म्हणलो, कधी ओढलीच न्हाई. रक्त पातळ करायची गोळी एकाला सांगितली, बाईला न्हाई सांगितली. आता कोण खरं तपासतो ते बघू."

"अरे, हा तुझा पाय आहे. बैल नाही."

"म्हणून तर!"

पंधरा मिनिटांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. तिघंही एकाच पडद्यासमोर बसून हळू आवाजात इंग्रजीत बोलत होते. भुजंगने माझा दंड दाबला. सर्जन वळले.

"काका, तुमची तीन उत्तरं जुळत नाहीत."

भुजंग ताडकन उभा राहिला. "म्हंजे तुम्ही एकमेकाला सांगता?"

"त्यासाठीच तर एकत्र बसतो," बाई म्हणाल्या. "तिघांची नोंद एकाच ठिकाणी होते. काका, पाण्याच्या पाइपात क्षार साचून धार बारीक होते ना, तशी तुमच्या मांडीतली रक्तवाहिनी झालीय. तारेवरून फुगा नेऊन ती मोकळी करता येईल. पण गोळी चालू आहे की नाही हे ठाऊक नसताना सुई घातली आणि रक्त थांबलं नाही, तर? आणि बसल्या जागी दुखतं का, तेही खरं सांगा. दुखत नसेल तर महिनाभर औषधं देऊन पाहू."

महिनाभर. भुजंगचं तोंड उतरलं. तो तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मी चष्मा पुसत बसलो. वर्गातही खरं बोलायला निघालेल्या पोराला मधेच टोकलं, की ते पुन्हा गप्प होतं.

"गोळी रोज घेतो," तो शेवटी म्हणाला. "बिडी सकाळीच ओढली, गाडीत बसायच्या आधी. अन् झोप न्हाई. पाय खाटेखाली लोंबता ठेवला तरच ठणका कमी होतो. दोन महिने झाले."

तिघं एकमेकांकडे बघायचे थांबले आणि त्याच्याकडे बघू लागले.

"मग महिना नाही," सर्जन म्हणाले. "आजच दाखल व्हा. करंगळीचं सांगता येत नाही, पण पाऊल वाचवायला अजून वेळ आहे."

"न्हाई वाचलं तर कापणार?"

"तशी वेळ आली तर तुम्हाला विचारून."

"हे लिहून द्या. मराठीत."

सर्जननी लिहून दिलं. भुजंगने माझा चष्मा मागून घेतला, कागद दोनदा वाचला, तिघांची नावं त्यांच्याकडून वदवून घेतली आणि मगच सही केली.

"बिडीचं बंडल द्या इकडे," बाईंनी हात पुढे केला.

"ते गाडीत राह्यलं," भुजंग म्हणाला.

बाईंनी हात मागे घेतला नाही. मग त्याने निमूट खिशात हात घातला.