मनीचा श्रावण

जोह्यातल्या हैबतरावांच्या गणपती कारखान्यातली मांजर श्रावणात सुकट खाईनाशी झाली आणि तिसऱ्या दिवशी तिला हळदकुंकू लागलं.

घरात मासळी बंद असली तरी हैबतरावांची बायको धोंडुबाई मागीलदारी तिच्यापुरती सुकट टाकायची. मनीनं वास घेतला नि तोंड फिरवलं. धोंडुबाईनं तिथल्या तिथं हात जोडले. "अगो बाय, ही श्रावण पाळते! आमचा जावई सोमवारचं पन अंडं सोडत नाय."

बातमी हमरापूरपर्यंत गेली. मूर्ती ठरवायला आलेली गिऱ्हाइकं आधी मांजर बघू लागली. हैबतरावांनी तिला पाटावर बसवलं. ती हलली नाही, ही तिची शांती ठरली. उठायचं त्राण नसलं की शांती आपोआप येते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुंडलिक तिथं मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. बुबुळ केसभर सरकलं की देव रागावलेला दिसतो, त्यामुळे बारीक बघायची त्याला खोडच होती. त्याच्यासमोर मनी एकदा सुकटीपाशी गेली, तुकडा उचलला, चावला, आणि चटका बसल्यासारखी मागं उडाली. पंजानं गाल ओरबाडू लागली. हनुवटीवरून लाळ लोंबत होती.

"शेट, हिचं तोंड दुखतंय."

"व्रत हाय ते, पुंडलिका. मोडलंस तर पाप तुझ्या माथी."

"नि मेली तर?"

"समाधी बांधू," हैबतराव म्हणाले. जागाही त्यांनी हेरून ठेवली असावी.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकानं मनीला टोपलीत घातलं, वर धोतर बांधलं आणि पेणची एसटी धरली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मनीचा ओठ वर केला. खोलीभर घाण वास सुटला. दातांवर तपकिरी कीटण, हिरड्या लालभडक, आणि एका दाढेच्या मुळाशी भोक.

"कीड लागली?"

"नाही. मांजराचं शरीर कधी कधी स्वतःचाच दात खातं. विरघळत विरघळत नस उघडी पडते. पुष्कळ मांजरांना होतं, पण तोंड उघडून बघतो कोण?"

"मग वरडली कशी नाय?"

"मांजर दुखणं लपवतं. रानात दुबळं दिसलं की संपलं."

भूल देऊन बाईंनी दाढ काढली, बाकीचे दात घासून साफ केले. दाढ कापसावर ठेवली. तांदळाच्या दाण्याएवढी. तिला दोन मुळं, इवलीशी. पुंडलिक वाकून बघतच राहिला. एवढ्याशा जागेत हे एवढं दुखणं मावलं कसं? श्रावण लागला तेव्हा मनीनं तीन उंदीर मारून त्याच्या पायाशी आणून ठेवले होते, न खाता. त्यानं तिला हाकललं होतं. ह्या तोंडानं तिनं ते धरले होते.

परतल्यावर पुंडलिकानं कापसातली दाढ हैबतरावांच्या तळहातावर ठेवली; त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि मनीचा पाट उचलून ठेवला. आठवडाभर मनीला मऊ भात-दूध. बाराव्या दिवशी, श्रावण सरायला चार दिवस उरलेले असताना, ती मागीलदारी आपण होऊन गेली.

"मोडलंन गो, मोडलंन हिनं!" धोंडुबाई कळवळली.

"गप," हैबतराव म्हणाले. "ऐक."

कुडुम, कुडुम. कारागीर हातातलं काम सोडून दारात आले. एवढंसं जनावर सुकट चावत होतं आणि एवढी मोठी माणसं श्वास रोखून ऐकत होती.