थर आणि चटका

मॅग्नेटो-ऑप्टिकल डिस्क बनवणाऱ्या कारखान्यात दोघी सख्ख्या बहिणी कामाला होत्या. थोरली डिस्कवर धातूचा पातळ थर चढवायची, धाकटी त्या डिस्कवर लिहिणारा-वाचणारा ड्राइव्ह जुळवायची. लेझरनं बारीकसा ठिपका तापवायचा, तापला की चुंबकानं त्याची चुंबकीय दिशा बदलायची आणि वाचताना त्याच लेझरच्या मंद उजेडानं ती दिशा ओळखायची, असं ते काम. पण लिहिलेलं जसंच्या तसं वाचलं जाईना. आणि या डिस्क जायच्या होत्या हॉस्पिटलात, पेशंटांचे एक्स-रे साठवायला.

मीटिंगमध्ये धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली, "ड्राइव्ह ठीक आहे. थरच नीट बसलेला नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं!" थोरली फणकारली.

त्या दिवसापासून घरात अबोला. जेवायला बसलं की, "बाबा, तिला मीठ इकडे द्यायला सांगा." बाबांनी दोन-चारदा निरोप पोचवले, मग वैतागले. "मी काय पोस्टमन आहे?" म्हणत ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेले.

धाकटीला मात्र एक गोष्ट खटकत होती. ड्राइव्ह नुकताच सुरू केला की चुका कमी, चालून चालून तापला की जास्त. खातरजमा करायची तर थंड खोली हवी, आणि ती थोरलीच्या ताब्यात. शेवटी गेली.

"ताई, तुझ्या खोलीत ड्राइव्ह लावू दे ना."

"आता बरी ताई आठवली!" म्हणत थोरलीनं टेबल मोकळं केलं.

थंड डिस्कवर एकही चूक नाही. तीच डिस्क गरम केली, तर चुकाच चुका.

"आधीच तापलेल्या डिस्कला तू लेझरचा तेवढाच चटका देतेस," थोरली म्हणाली. "ठिपका फुगून शेजारच्यावर चढणारच."

धाकटीचा चेहरा पडला. पण थोरली उणंदुणं काढत बसली नाही. दोघी कामाला लागल्या. लिहिण्याआधी ड्राइव्हनं डिस्कच्या कडेला कमी-जास्त चटके देऊन काही ठिपके लिहायचे, ते वाचून बघायचे आणि जो चटका बरोबर ठरेल तोच पुढे वापरायचा. चुका जवळजवळ थांबल्या.

त्यातून आणखी एक गोष्ट उघडी पडली. खोली तितकीच थंड, तरी दर डिस्कला लागणारा चटका थोडा वेगळा. म्हणजे थर सगळ्यांवर सारखा नव्हताच. धाकटीनं ते आकडे नुसते लिहून ठेवले. थोरलीनंच ते मागून घेतले, एकेक करून तपासले आणि म्हणाली, "उद्या थराचं मशीन उघडते. येशील का हात लावायला?"