लाल गड्याचा कौल

नाणं पेटीत पडायचं, आतून टणकन घंटा वाजायची, आणि मठात दाटीवाटीनं बसलेली माणसं हात जोडायची.

कापड्याच्या वरच्या वाडीतला हा मठ म्हणजे कालपरवापर्यंत गुरांचा गोठा. आता सारवलेल्या जमिनीवर सतरंज्या आल्या होत्या, आढ्याला भगव्या पताका आल्या होत्या, आणि गव्हाणीच्या जागी उभी होती देवाची पेटी. माणसाच्या उंचीची, काळ्या लाकडाची, कपाळाशी काचेचा पडदा. पडद्यात दोन गडी. डावीकडे निळ्या चोळण्यातला, उजवीकडे लाल लंगोटातला. ते लाथा घालायचे, उड्या मारायचे, एकमेकाला उचलून आपटायचे. आणि पेटीला कुणाचा हात नाही. पुढच्या फळीवर देवाचा पितळी मुखवटा, झेंडूच्या माळा आणि एक समई, एवढंच.

पेटीपासून हातभर लांब, चौरंगावर सहदेवबाबा. मांडीवर काळी घोंगडी. उजवा हात जपमाळेच्या तांबड्या पिशवीत, डावा घोंगडीखाली गुडघ्यावर.

"बघा, नीट बघा. कुणी शिवतंय?" बाबा विचारायचा. "काही शाणे बोलतात, मोबाईलमधल्यासारखा गेम हाय. मोबाईल बोट लावल्याबिगर हलतो काय रे? माझा देव बिनबोटाचा खेळतो. वायर हाय? हाय. लायटीची. देवालापण उजेड लागतो." मग डोळे मिटून, आवाज खोल नेऊन, "देवा, हायस ना? असशील तर बस."

लाल गडी खाली बसला.

"ऊठ."

उठला. मठभर उसासा फिरला, जसा भाताच्या खाचरावरून वारा फिरतो.

या मुलखात देवळात कौल लावायची चाल जुनी. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं. उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाय. बाबानं ती चाल अलगद उचलली आणि पेटीत नेऊन ठेवली. उजवा गडी पडला तर होय, डावा पडला तर नाय. कुणाला काही नवीन शिकावं लागलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुलावर ठेवलेला विश्वास माणसांनी पडद्यावर ठेवला. पोलादपुरातून माणसं यायला लागली, बिरवाडीतून कारखान्याची पाळी संपवून यायला लागली. वाडीतला दीपेश एकदा "कम्प्युटर खेळतोय तो" असं पुटपुटला, तर चुलत्यानं त्याच्या कानशिलात दिली. आणि बस म्हटल्यावर लाल गडी बसला, तेव्हा दीपेशचीही बोबडी वळली.

त्या रविवारी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, सारिका उभी होती. पोलादपूरच्या शाळेत गणित शिकवणारी, साळूबाईची लेक. मठात ती पहिल्यांदाच आली होती, आणि नमस्कार करायला आली नव्हती.

भर पावसात गावकीच्या प्रमुखाचे, येसाजीचे दोन्ही बैल गेले होते. येसाजीनं पेटीपुढे गाऱ्हाणं घातलं, बाबानं सात-आठ घरांची नावं घेतली, आणि साळूबाईच्या नावाशी कौल अडला. करणी हिनंच केली. साळूबाईची रस्त्यालगतची वरकस जमीन बाबानं नव्या मठासाठी मागितली होती आणि तिनं नाही म्हटलं होतं, हे तेव्हा कुणाला आठवलं नाही. गावकीनं म्हातारीला वाळीत टाकलं. झऱ्यावर ती गेली की बाया हंडे उचलून निघून जात. तिनं हाक मारली की माणसं वाट बदलत. शेळ्या घेऊन ती एकटीच माळावर जाई, आणि तिथं तिची ओवी ऐकायला फक्त करवंदीच्या जाळ्या असत.

वाडीनं दार लावलं, बाई, मी रानाशी बोलते
शेळ्यांच्या कानामंदी माझं कुलूप खोलते

आज शेवटचा कौल होता. डावा पडला तर साळूबाईनं घर, रान सोडून वाडीबाहेर व्हायचं. सारिका तिला बिरवाडीच्या आपल्या घरी घेऊन जायला कधीची तयार होती. म्हातारी म्हणाली होती, "तुझ्याकडं हौसेनं येईन गो. हाकललेली नाय यायची."

साळूबाईच्या आधी ठमाबाईचा नंबर होता. सुनेला दिवस राहतील का, हे तिचं गाऱ्हाणं. गडी लढायला लागले. सारिका पडद्याकडे बघत होती आणि तिच्या मानेवर काटा उभा राहिला.

लाल गडी प्रतिस्पर्ध्याला उचलण्याआधी दोनदा बसकण मारत होता. झटक्यात, उगीचच, जशी कुणाला बोलताना मान उडवायची सवय असते तशी. यंत्राला अशी खोड नसते. खोड माणसाच्या हाताला असते. आणि हा हात तिच्या ओळखीचा होता.

माझगावच्या गल्लीत गावकीची खोली होती; घाटातली सगळी माणसं मुंबईत आली की आधी तिथं पथारी टाकायची. खोलीच्या खाली व्हिडिओ गेमचं पार्लर. अंधारी जागा, ओळीनं पेट्या, आणि गल्ल्यावर शेजारच्या गावचा सहदेव. फ्रॉकमधली सारिका पालथ्या खोक्यावर उभी राहून खेळायची. सगळ्या पोरांना हरवायची, आणि एके दिवशी तिनं गल्ल्यावरून उठून आलेल्या सहदेवलाही हरवलं. लाल गडी, दोनदा बसकण, आणि तो बसलेला असतानाच तिनं त्याला लोळवला. सहदेवनं पेटीचा प्लग ओढला आणि तिला दंडाला धरून बाहेर काढलं. "पोरींनी हितं यायचं नाय." हरणं त्याला कधी सोसलंच नाही. म्हणून तर आजही तो प्रश्न असा फिरवून घ्यायचा की हवा तो कौल यायला लाल गड्यानंच जिंकावं.

तेवढ्यात ठमाबाईनं बाबाचा घोंगडीखालचा डावा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. पडद्यात लाल गडी नुसता मागेपुढे सरकला. उडी मारली, बसला, पण एकही बुक्की मारेना. निळ्यानं त्याला बडव बडव बडवला. बाबानं घाईनं हात सोडवून घोंगडीखाली नेला, आणि लाल गड्याला पुन्हा मारायचं आठवलं.

सारिकाच्या ध्यानात सगळं आलं. उजव्या हातात दांडा, डाव्याखाली बटणं. आईचं पाणी, आईची हाक, आईचा एकटा माळ, सगळं त्या घोंगडीखाली होतं. तिथल्या तिथं ओरडून सांगता आलं असतं. पण नुसतं उघडं पाडून तिचं भागणार नव्हतं. त्याला पडताना बघायचं होतं तिला. सगळ्यांदेखत, त्याच्याच पेटीत.

"साळू, ये पुढं," येसाजी म्हणाला. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

साळूबाई पुढे आली, पदराच्या गाठीतलं नाणं काढलं आणि पेटीत टाकलं. घंटा वाजली.

"देवा," बाबा आळवून म्हणाला, "ही म्हातारी निर्दोष असंल तर उजवा पडूंदे. हिचा हात असंल तर डावा पडूंदे. मी कोण सांगणारा? मी तुझा पायपुसणा."

गडी भिडले. निळा यंत्राच्या हातात, बापडा. लाल त्याला खेळवत होता. मठात कुणी हलेना. सारिका माणसांतून वाट काढत थेट पेटीपर्यंत गेली.

"ए बाय, मागं हो," बाबा म्हणाला. "शिवाशिव होईल."

"माझ्या आईचा कौल आहे. माझंही नाणं पडू दे की. देव जास्तीचं नाणं नाकारतो का, बाबा?"

लोकांत कुणीतरी हसलं. बाबाला नाही म्हणता येईना. सारिकानं नाणं टाकलं, घंटा वाजली. मग तिनं देवाचा मुखवटा दोन्ही हातांनी उचलला, हलकेच बाजूला ठेवला, झेंडूच्या माळा सारल्या. खाली डाव्या खेळाडूचा दांडा आणि बटणं जशीच्या तशी होती. या डोंगरात ती कोण हाताळणार, असं सहदेवला वाटलं असेल.

तिनं एक बटण दाबलं. पडदा लखकन चमकला. चाललेली लढाई विरली, इंग्रजी अक्षरं धावली, आणि दोन्ही गडी पुन्हा ताजेतवाने समोरासमोर उभे राहिले.

"काय केलंस गो?" येसाजी.

"काही नाही, तात्या. आता निळ्याच्या बाजूनं मी आहे. देव माझ्यासारखीला घाबरणार आहे होय?"

बाबाच्या कपाळावर घाम फुटला. त्यानं तिच्याकडे निरखून बघितलं, आणि त्याच्या ओठांवर एक जुनं नाव येऊन थांबलं.

"सारे," तो हळूच म्हणाला, "आपण एका खोलीतली माणसं. सांभाळून घे."

"सांभाळूनच घेते."

लाल गडी चवताळून आला. सारिकानं त्याला येऊ दिला. दोन फटके खाल्ले, मागे सरली, कोपऱ्यात गेली. बोटं इतक्या वर्षांनी अडखळत होती, मग हळूहळू त्यांना वाट सापडली. लाल जवळ आला. दोनदा बसकण मारली. ती तेवढ्याचीच वाट बघत होती. निळ्यानं त्याला खालून उडवला, पडता पडता पुन्हा उडवला, भिंतीला नेला आणि तिथं चेपला. प्रत्येक फटक्याला सारिका मनात मोजत नव्हती, म्हणत होती: हा झऱ्याचा. हा माळाचा. हा आईच्या हाकेचा.

उजवा गडी पडला.

मग ठमाबाई धावत आली आणि तिनं सारिकाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बायच्या अंगात देवी आली गो."

मागोमाग चारजणी वाकल्या. येसाजीनं मुंडासं काढून हात जोडले. "आये, चुकी झाली. साळू निर्दोष हाय. ह्या भोंद्यानं तुझ्या नावानं खोटा कौल दिला. तूच सांग, ह्याचं काय करू?" त्याच्या मागे जवान पोरांनी बाह्या सरसावल्या. कुणीतरी कोपऱ्यातली काठी घेतली.

सहदेव चौरंगावर आक्रसून बसला होता. एक शब्द. एवढाच पुरला असता. सारिकाला तो शब्द हवा होता. जिभेवर त्याची चव आली होती, आणि ती गोड होती. मग तिला पायांशी वाकलेल्या बायका दिसल्या. काल यांनी पेटीचं ऐकून आईचं पाणी तोडलं होतं. आज तिचं ऐकून त्या माणसाचं डोकं फोडतील. उद्या आणखी कुणाचं.

"ठमाकाकू, ऊठ. माझ्या अंगात घाम आलाय, दुसरं काही नाही."

तिनं वाकून घोंगडी ओढली. जपाच्या पिशवीला तळ नव्हता. तिच्यातून एक दांडा वर आलेला, चौरंगाला स्क्रूनं आवळलेला. शेजारी बटणं. तिथून एक वायर सतरंजीखालून पेटीच्या पोटात गेलेली. जपमाळेत मणी होते, पण हात त्यांच्यावर कधी नव्हता.

"हा खेळ आहे, तात्या. मुंबईत गल्लोगल्ली होता. एक बाजू यंत्र खेळतं, दुसरी हा खेळायचा. मी हरले असते तर माझी आई चेटकीण ठरली असती. मी जिंकले म्हणून ती निर्दोष ठरत नाही. माझा अंगठा चपळ आहे, एवढंच त्यातून कळलं. या, बसा इथं."

"मी?"

"तुम्हीच. तुमच्या शब्दानं आई वाळीत गेली."

सहदेवला उठवून येसाजी चौरंगावर बसला. पडद्यात दुसऱ्या फेरीसाठी लाल गडी पुन्हा उभा होता. येसाजीनं दांडा भीत भीत खाली ओढला. लाल गडी बसला. सोडला, उठला. त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा बसला. नांगराची मूठ धरून घट्टे पडलेला तो हात थरथरायला लागला, आणि पडद्यातला देवही त्याच्याबरोबर थरथरायला लागला. मागे एक पोरगी खुदकन हसली. दीपेशनं मोबाईल वर धरला होता. त्याच्या चुलत्यानं या वेळी हात उगारला नाही.

"काठी ठेवा," सारिका पोरांना म्हणाली. "मी पोलादपूरला पोलिसांना कळवते. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. आणि वाळीत टाकण्याविरुद्धही आहे, तात्या, तक्रारीत गावकीचंही नाव येईल."

"आमचंपण?" कुणीतरी विचारलं.

"पेटीनं कुणाचे हंडे उचलले नव्हते. तुम्ही उचललेत."

सहदेव गुडघ्यावर आला. "सारे, पोटासाठी केलं गो."

"पोटासाठी पार्लर चालवलं असतंस तर मी स्वतः मुलांना घेऊन आले असते खेळायला," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

येसाजी अजून चौरंगावरच होता. दांडा सोडून त्यानं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते.

"मग माझं बैल कशानं मेलं?"

"घसा सुजला होता?" साळूबाईनं विचारलं. इतक्या महिन्यांत वाडीपुढे ती पहिल्यांदाच बोलत होती.

"सुजला व्हता. घरघर लागली व्हती."

"घटसर्प. पावसाआधी कापड्याला गुरांचा डॉक्टर आलावता सुई टोचायला. मी माझी म्हस नेली. तुझ्या दाराशी थांबून तुला हाक मारली, येसाजी, चल म्हणून. तू बोललास, माझ्या गुरांना देव हाय. माझी म्हस कशी वाचली, एवढं कुणीतरी इचारायचं व्हतं. मी सांगितलं असतं."

येसाजी उठून तिच्या पाया पडायला वाकला. साळूबाई मागे सरली.

"नको. पायाबियाचं खूळ पुरं झालं. दुसरी जोडी आणशील तेव्हा डॉक्टरला बोलव, आणि कुणी काय सांगितलं तर त्याचा हात कुठं हाय ते आधी बघ. आणि मी इसरंन असं समजू नको. मी झऱ्यावर येनार, रोज येनार. तुमी हंडे भरत असाल तेव्हाच येनार. तुमी माझ्या तोंडाकडं बघायचं."

ती दाराकडे निघाली. माणसांनी वाट करून दिली, आणि तिनं एकेकाच्या डोळ्यांत बघत, सावकाश, मठ ओलांडला.