हेप्झीबाईच्या नडग्या

आमच्या अलरटनच्या रानात वाटणीचं भांडण तोंडाने मिटवत नाहीत, नडग्यांनी मिटवतात. दोघांनी एकमेकांची कॉलर धरायची आणि समोरच्याच्या नडगीवर लाथा घालायच्या. तीन डावांत जो दोनदा लोळवेल तो जिंकला. पायमोज्यात पेंढा कोंबायची मुभा आहे, रडायची नाही. त्या दिवशी पंच मी होतो, तेव्हा मी सांगतो तेच खरं. कुणी वेगळं सांगितलं तर तो तिथे नव्हता, किंवा असला तर ओकच्या झाडामागे लपून बसला होता.

हेप्झीबा क्लटरबक अठ्ठावन्न वर्षांची होती. नवरा सायलस कापणीच्या दिवसांत गवताच्या गाडीवरून पडून गेला. मागे ठेवला तो रानातला हेझलच्या झाडांचा एक तुकडा. हेझल बुंध्याशी तोडला की खुंटातून धुमारे फुटतात, आणि सात वर्षांनी त्यांच्या मनगटाएवढ्या काठ्या होतात. सात वर्षं वाट बघायची आणि एक हिवाळा तोडायचं. त्या काठ्या चिरून हेप्झीबाई मेंढवाड्यासाठी ताट्या विणायची. तिची ताटी वादळात उडून तिसऱ्या गावात पडली तरी तिची एक काडी ढिली होत नसे. नवऱ्याने मागच्या खेपेला तोडलेल्या काठ्या संपत आल्या होत्या, आणि सात वर्षं याच नोव्हेंबरात भरत होती. तेवढ्यात धाकटा दीर उगवला, एनॉक.

"भाऊ गेला, तुकडा माझा," तो म्हणाला.

तुकडा गेला तर हेप्झीबाईला शहरातल्या गरीबखान्याची पायरी चढावी लागणार होती. तिथे म्हाताऱ्या बायकांना दिवसभर जुने दोरखंड उसवायला बसवतात. तिने एकच निरोप पाठवला: शनिवारी सकाळी रानात या, बूट घालून.

आता एक नियम सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रक्त त्यापायी सांडलं. नुसतं लोळवून तुकडा मिळत नाही. जिंकणाऱ्याने त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत, तुकड्यातल्या सगळ्यात जुन्या खुंटावरची एक काठी स्वतःच्या हाताने तोडायची. कोयता सकाळीच त्या खुंटात रोवून ठेवतात. आणि उभ्या माणसाने मध्ये हात घालायचा नाही, ना मदतीला, ना अडवायला. सूर्य बुडाला आणि काठी उभीच राहिली, तर तुकडा हरलेल्याचा.

एनॉक म्हणजे बैल. फरक एवढाच, की बैल पोट भरल्यावर गप्प बसतो. त्याच्या बुटांना पुढे लोखंडी पट्टी होती. हेप्झीबाई सायलसचे बूट घालून आली. ते तिला इतके मोठे होत होते, की पेंढा नडगीपेक्षा बोटांपुढेच जास्त कोंबावा लागला. दोघांनी मेंढपाळाचे जाड पांढरे डगले चढवले.

"वहिनी, अजून वेळ गेलेली नाही," एनॉक म्हणाला. "घरी जा, चहा घ्या."

"चहा घेऊनच आलेय, भावजी. तुम्ही दूध पिऊन आलात ना? मग चला."

मी अ‍ॅशच्या लाकडाची काठी दोघांच्या मध्ये धरली आणि काढून घेतली.

पहिला डाव मोजायला मला तीन बोटं पुरली. पहिल्या लाथेला पेंढा उडाला, दुसरीला कातडं, तिसरीला हेप्झीबाई. आवाज असा झाला, की वरच्या फांदीवर झाड ठोकणाऱ्या सुतारपक्ष्याने ठोकणं थांबवून खाली बघितलं. लोकरीचा मोजा लाल झाला आणि बाई उताणी पडून आकाशाकडे बघत राहिली.

"झालं?" एनॉकने विचारलं.

"जरा थांबा हो. वरचं अ‍ॅश किडलंय का ते बघतेय," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या डावात तिने डोकं चालवलं. एनॉक दिसेल तिथे लाथ मारत होता, हिने मात्र उजव्या नडगीवर वाटाण्याएवढी एक जागा धरली. त्याच जागी सात लाथा. चौथ्या लाथेला एनॉक शिव्या द्यायचा थांबला. पाचव्या लाथेला त्याने देवाचं नाव घेतलं, आणि ते त्याने स्वतःच्या लग्नातही घेतलं नव्हतं. सातव्या लाथेला तो आडवा झाला, तो थेट पाववाल्या गॅमनवर. पाववाल्याचं नाक त्या दिवशी जे उजवीकडे वळलं, ते पुरताना शवपेटीतही उजवीकडेच होतं.

तिसरा डाव सुरू झाला, आणि इथे एनॉकने आपलं पाणी दाखवलं. तो लाथ कमी मारू लागला आणि ढकलू जास्त लागला. डोकं बाईच्या खांद्यात खुपसून तो तिला मागे मागे रेटत निघाला. तुकड्याच्या कडेचा मातीचा बांध ओलांडला, तिथून मोठ्या ओकांच्या खाली, तिथून ब्लॅकबेरीच्या काट्यांच्या जाळीतून. जाळीत शिरताना दोघांचे डगले पांढरे होते, बाहेर आले ते खाटकाच्या फडक्यासारखे. अख्खं गाव पाव आणि चीज चघळत मागे मागे. ओढ्यात उतरले तेव्हा पाणी गुडघ्याला होतं, तरी लाथा चालूच. खाली गिरणीवाल्याची बायको कपडे धूत होती. तिचा पांढरा टेबलक्लॉथ गुलाबी झाला, आणि तिने तो पुढे मुलीच्या लग्नात काढला.

सरळ रेषेत अर्धा मैल व्हायला दुपार कलली, तेव्हा एनॉकने मान वळवून सूर्याकडे बघितलं. माझ्या डोक्यात त्याच वेळी प्रकाश पडला. तो जिंकायला रेटत नव्हता. हरलो तरी बाई वेळेत परत पोचू नये, म्हणून रेटत होता.

हेप्झीबाईला ते माझ्या आधीच कळलं असावं. एका जुन्या बीचच्या झाडाला तिने पाठ लावली, आता मागे रेटायला जागा नाही. मग सायलसच्या बुटाने तिने ती वाटाण्याएवढी जागा परत शोधली.

हाड मोडल्याचा आवाज दोनदा आला. मला वाटलं पडसाद आहे. पण बीचच्या झाडाला पडसाद नसतो. पहिला आवाज एनॉकच्या नडगीचा होता, दुसरा हेप्झीबाईच्या. त्याने पडता पडता शेवटची लाथ हाणली होती. रानातले सगळे कावळे एकदम उडाले आणि पुढच्या रविवारपर्यंत परतले नाहीत. एनॉक आधी पडला, हे मी शपथेवर सांगतो.

"हेप्झीबाई जिंकली!" मी ओरडलो.

बाई बुंध्याला घसरत खाली बसली. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. "जेथ्रो, सूर्य किती उरलाय?" तिने मला विचारलं.

"दीड तास. फार तर."

"आणि लांब?"

"अर्धा मैल."

ती पोटावर पालथी झाली आणि कोपरांवर निघाली. पाववाला वाकलेल्या नाकाने रडत पुढे झाला. मी त्याला काठीने अडवलं. "उभ्या माणसाने हात घालायचा नाही."

मागून एनॉकचा आवाज आला. "पंच! नियम उभ्या माणसाला ना? मी उभा आहे का?"

मी पुष्कळ विचार केला. आजही करतो. पण नियम तो नियम. "नाहीस," मी म्हणालो.

झालं, एनॉकही कोपरांवर निघाला.

मी दोन लढायांवरून आलेल्या सैनिकांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. त्या या अर्ध्या मैलापुढे रविवारच्या प्रार्थना. ओढ्यात त्याने तिला गाठलं आणि केस धरून डोकं पाण्यात दाबलं. तिने पाण्याखालूनच त्याच्या मोडक्या नडगीवर मूठ मारली. त्याची किंकाळी ऐकून ओढ्यातले मासे पलीकडच्या काठावर चढले. काट्यांच्या जाळीत त्याने तिच्या कानाचा चावा घेतला. कानाची पाळी तुटली, तो थुंकला, आणि गॅमनच्या कुत्र्याने ती खाल्ली. कुत्रा त्यानंतर कुणाचंही ऐकेनासा झाला. ओकांच्या खाली पानांच्या ढिगात हेप्झीबाईच्या हाताला काहीतरी लागलं. हिवाळ्यासाठी काट्यांचा गोळा होऊन झोपलेला हेजहॉग होता तो. तिने तो उचलला आणि दिराच्या तोंडावर आपटला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. हेजहॉग जागा झाला नाही. एनॉकचा एक डोळा मात्र मिटला, तो कायमचा.

"सोडा ना हो भावजी," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्हाला तुमचा तुकडा आहे की पलीकडे."

"तुम्हीच सोडा, वहिनी. एकटीच्या पोटाला किती लागतं?"

"गरीबखान्यात जाऊन बघा किती मिळतं!"

गर्दीत कुणी पाव चघळत नव्हतं आता. बायका तोंडावर पदर घेतल्यासारख्या शाली धरून उभ्या होत्या. मातीच्या बांधावर ती नखं रुतवत चढली. दहापैकी चार नखं तिथेच राहिली. सूर्य तेव्हा बोटभर वर होता, हेझलच्या पिवळ्या पानांतून आडवा येत होता. खुंट वीस हात लांब होता, आणि त्यात कोयता.

शेवटच्या पाच हातांवर एनॉकने काय केलं, तर तिला सोडून दिलं. तो तिच्या अंगावरून सरपटत पुढे गेला आणि दोन्ही हातांनी त्या खुंटाला मिठी मारली. सगळ्या काठ्या बुडाशी त्याच्या मिठीत. आता कुठलीही काठी तोडायची तर आधी त्याच्या हातावर घाव.

हेप्झीबाईने खुंटातला कोयता उपटला आणि बसती झाली. पाठ सरळ, पाय वाकडा, तोंडभर रक्त.

"हात काढा, भावजी."

"नाही काढणार."

"सायलसने तुम्हाला खांद्यावर बसवून याच रानात फिरवलंय हो."

"त्याचा हवाला देऊ नका." त्याच्या एका डोळ्यातून पाणी आलं. दुसऱ्यातून काय आलं ते सांगत नाही. "तोडायचं तर हातासकट तोडा."

सूर्याची कड डोंगराला टेकली. मी टोपी काढली. का काढली, माहीत नाही.

"तीन मोजते," ती म्हणाली.

"मोजा."

"एक," ती म्हणाली, आणि घाव घातला.

एकाच घावात काठी पडली. वरची पानं माझ्या तोंडावर आपटली. काठीबरोबर एनॉकची करंगळीही पडली. त्याची मिठी सुटली, आणि तो आपल्या हाताकडे असा बघत राहिला, जणू बाजारातून दुसऱ्याच कुणाचा हात घेऊन आलाय.

"काठी पडली," मी म्हणालो. "सूर्य आहे. तुकडा हेप्झीबाईचा."

डोंगरावर नुसती लाली उरली.

दोघांना घरी न्यायला एकच ताटी मिळाली, सायलसने विणलेली. दोघांना तिच्यावर शेजारी शेजारी निजवलं आणि आम्ही सहा जणांनी खांद्यावर घेतलं. वाटेत ताटी दोनदा खाली ठेवावी लागली. एकदा त्यांनी परत एकमेकांचे गळे धरले म्हणून. आणि एकदा हेप्झीबाईला आपल्या परकराची पट्टी फाडून त्याच्या हाताला घट्ट बांधायची होती म्हणून. बांधताना तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि त्यात तिचा नवराही आला.

गाव जवळ आलं तसा एनॉक बोलला, अगदी हळू. "वहिनी, तीनपर्यंत मोजते म्हणाला होतात."

हेप्झीबाईने गाठ दातांनी ओढून घेतली.

"दोनवर सूर्य गेला असता, भावजी."